वायसरची जाडी

इंजिन बंद झालं होतं, तरी कार्बोरेटरच्या घशात थेंब पडत होता. एअर फिल्टर काढून मी आत बॅटरीचा उजेड मारला. मधल्या नळीच्या तोंडाशी पेट्रोल फुगून यायचं, क्षणभर लोंबायचं आणि खाली सुटायचं. दोन-तीन मिनिटांनी थेंब थांबला. वाटीतली पातळी नळीच्या तोंडाखाली उतरली की तो थांबणारच होता. गाडीचे मालक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, "मिस्त्री, किट नवीन टाकलंय. सगळंच्या सगळं. तरी लिटरला आठच्या वर जात नाही."

गाडी १९७० सालची फियाट अकराशे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांनी पाहिली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मालकांनी मला फोन केला होता. त्यांचे वडील मुंबईत भाजीच्या धंद्यात होते. त्यांनी ही गाडी घेतली होती. आता मालक निवृत्त होऊन गावाकडे आलेत आणि गाडीही सोबत आणली आहे. कागद त्यांनी चोख ठेवलेत. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ती त्यांना करून घ्यायची आहे. तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, मेळाव्याला, प्रदर्शनाला नेता येते. त्यांना तेवढंच हवं आहे.

माझं गॅरेज पिंपरी पेंढारला, कल्याण–नगर रस्त्याच्या कडेला. एका अंगाला ओतूर, दुसऱ्या अंगाला आळेफाटा. ट्रॅक्टर, पिकअप आणि दुचाक्या हे माझं रोजचं काम. कार्बोरेटर आता क्वचित येतो. मोटारींतून तो २०००च्या आसपास गेला, आणि एप्रिल २०२०ला बीएस-सहा आल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांतूनही गेला. माझा पुतण्या माझ्याकडेच शिकला. तो इंजेक्शनची गाडी लॅपटॉप लावून झटक्यात उलगडतो, पण त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा फ्लोटची पातळी बसवताना पाहिली. हे लिहायला बसलो ते त्याच्यामुळे. हे काम हातात असलेली माणसं कमी होत चालली आहेत आणि जुन्या गाड्या मात्र लोक हौसेने पुन्हा उभ्या करत आहेत.

आमच्या गोठ्याजवळ गुरांना पाणी पाजायचा हौद आहे. त्याच्या नळाला पोकळ गोळा लावलाय. गुरं पाणी पितात, पातळी उतरते, गोळा खाली येतो, नळ उघडतो. पाणी भरलं की गोळा वर येऊन नळ बंद करतो. कार्बोरेटरच्या वाटीत हेच घडतं. पितळी किंवा प्लास्टिकचा फ्लोट, त्याची दांडी, दांडीवर टेकलेली सुई, तिला आम्ही निडल म्हणतो, आणि निडल जिथे बसते ती सीट. पंपाकडून आलेलं पेट्रोल सीटमधून वाटीत उतरतं. वाटी ठरल्या पातळीला भरली की फ्लोट निडलला वर दाबून वाट बंद करतो. १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मेबॅख यांनी फवारणीच्या कार्बोरेटरला ही फ्लोटची वाटी जोडली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं मूळ कल्पना तीच राहिली.

हौदात पाणी चार बोटं वर-खाली झालं तर गुरांचं काही बिघडत नाही. कार्बोरेटरमध्ये दोन मिलिमीटरने गाडी बिघडते. ते का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या घशात एका अरुंद जागेतून जाते. अरुंद जागेत तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब पडतो. वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकाने पेट्रोल नळीतून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. आता नळीचं तोंड आणि वाटीतलं पेट्रोल एकाच उंचीला ठेवलं, तर गाडी जरा उताराला लावली तरी पेट्रोल सांडेल. म्हणून पेट्रोल तोंडापासून काही मिलिमीटर खाली उभं ठेवतात. तेवढा चढ त्याला प्रत्येक वेळी चढावा लागतो. पातळी वर आली की चढ कमी होतो, पेट्रोल जास्त जातं. पातळी खाली गेली की चढ वाढतो, पेट्रोल कमी जातं. इंजिन संथ चालत असताना ओढ मुळातच थोडी असते, त्यामुळे हा फरक तिथे सगळ्यात जास्त जाणवतो.

आणि प्रमाण तर नाजूक. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. एवढ्या हवेत एवढंसं पेट्रोल मोजून सोडायचं काम कार्बोरेटरची बारीक भोकं करतात, त्यांना जेट म्हणतात. जेटवर १२५ कोरलं असेल तर भोक १.२५ मिलिमीटरचं. कारखान्याने हा आकडा काढला तो वाटीतली पातळी अमुक आहे हे धरून. पातळी हलली की जेटवरचा आकडा खोटा पडतो.

या फियाटचं तेच झालं होतं. मुळात गाडीला काय त्रास होता तो बाजूलाच राहिला. बरीच वर्षं उभी असल्याने कार्बोरेटर चोंदला असावा, म्हणून कुणीतरी किट टाकलं. किटमध्ये नवी निडल आणि सीट होती, पॅकिंग होतं, आणि सीटखाली घालायचा पातळ फायबरचा वायसर होता. जुन्या सीटखाली तांब्याचा जाड वायसर असणार. तो जुना माल म्हणून फेकला गेला. गाडी काळा धूर सोडू लागली. मग दुसऱ्या ठिकाणी मिक्श्चरचा स्क्रू आवळून पाहिला. त्याने आयडलिंग थोडं सुधारलं, कारण तो स्क्रू फक्त आयडलिंगच्याच वाटेवर बसतो. रस्त्यावरचा धूर तसाच. मग तिसऱ्याने मेन जेट लहान घातला. धूर कमी झाला आणि पिकअप मेला. म्हणजे एका वायसरची चूक झाकायला दोन नव्या चुका. मी ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास होता. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर रिंगा गेल्या असत्या.

पातळी खाली बसली तर खुणा उलट दिसतात. चढावर गाडी दम सोडते, कार्बोरेटरमधून मागे फट्‌फट् वाजतं, प्लग पांढरा पडतो, वेगात असताना इंजिन अचानक रिकामं वाटतं.

मी हे काम कुर्ल्यात शिकलो, टॅक्सीच्या एका गॅरेजात, तिथल्या उस्तादांकडे. १९८४ साल, मी एकोणीस वर्षांचा. एका टॅक्सीच्या कार्बोरेटरची निडल मी बदलली आणि सीट पुरती न आवळता झाकण बसवलं. पातळी बघितली नाही. गिऱ्हाईक घाईत होतं. गाडी चालू केली, दोन मिनिटांत पेट्रोल झाकणाच्या कडेने ओघळलं आणि खाली गरम मॅनिफोल्डवर पडलं. ज्वाळा बॉनेटच्या वर गेली. उस्तादांनी ओलं गोणपाट दोन्ही हातांनी इंजिनवर दाबून धरलं आणि आग विझेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत गेली. महिनाभर त्यांना पाना धरता आला नाही. मला ते ओरडले नाहीत. हात बरा झाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मला एक वही दिली आणि सांगितलं, प्रत्येक गाडीची पातळी मोजून हिच्यात लिहायची, मगच जेटला हात लावायचा. ती वही माझ्याकडे अजून आहे. कोणत्या कार्बोरेटरला कोणतं माप, हे मी तिच्यातूनच बघतो.

या फियाटच्या कामात मी सगळ्यात आधी गाडी सपाट जागी घेतली. पातळी मोजायची आणि गाडी तिरपी, तर मोजमापाला अर्थ नाही. माझं अंगण रस्त्याकडे उतरतं, म्हणून मागच्या बाजूला चाकांपुरत्या दोन सिमेंटच्या पट्ट्या घालून घेतल्यात. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, ती धरून चारी कोपरे जुळवले होते. दरवर्षी पावसाळ्यानंतर मी ते पुन्हा तपासतो, कारण काळी माती फुगते आणि बसते.

मग फ्लोट काढला. कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळतं. नाही खळखळलं. चहाच्या पातेल्यात पाणी कडक तापवून चूल बंद केली, ते पातेलं बाहेर आणून फ्लोट चिमट्याने त्यात बुडवला. आतली हवा तापून फुगते आणि केसाएवढी चीर असली तरी बुडबुडे येतात. बुडबुडे आले नाहीत, पण जोडावर जुन्या डागाचा कथलाचा मोठा गोळा दिसला. पूर्वी कधीतरी फ्लोट गळत होता आणि कुणीतरी घाईने भरपूर कथील ओतलं होतं. हे फार लोक करतात आणि त्यात त्यांना गैर काही वाटत नाही. पण फ्लोट जड झाला की पेट्रोलात जास्त बुडतो, निडल उशिरा बंद होते आणि पातळी वर चढते. पूर्वी काही सोलेक्स कार्बोरेटरांच्या फ्लोटांवर त्यांचं वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असायचं, ते उगीच नव्हे.

माझ्याकडे अडगळीत तशाच कार्बोरेटरचा एक न डागलेला फ्लोट होता. दोन्ही घेऊन मी ओतूरला माझ्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. ते सोन्याच्या काट्यावर तोलून देतात. इतक्या वर्षांत त्यांनाही सवय झाली आहे. डागलेला भरला साडेबारा ग्रॅम, दुसरा अकरा ग्रॅम आणि वर काही मिलिग्रॅम. घरी येऊन कानशीने जादा कथील हळूहळू उतरवलं, पुन्हा गरम पाण्यात बुडवून पाहिलं, पुन्हा तोलून आणलं. तीन खेपांत सव्वाअकरावर आलं. डाग स्वतः द्यायचा असेल तर एक सांगतो: आत पेट्रोल राहिलेल्या फ्लोटला कधीही ज्वाळा दाखवू नका. आधी ते पूर्ण काढा, फ्लोट गरम पाण्यात ठेवून वाफ जाऊ द्या, मगच सोल्डरिंग आयर्न लावा.

आता मोजमाप. इंजिन चालू करून काही मिनिटं संथ चालू दिलं, मग बंद केलं, पेट्रोलची नळी चिमटली आणि कार्बोरेटरचं झाकण सरळ वर उचललं. पॅकिंग काढलं. वाटीत पेट्रोल आरशासारखं उभं. व्हर्नियर कॅलिपरची खोली मोजायची शेपटी वाटीच्या कडेवरून खाली सोडायची. भिंतीजवळ मोजायचं नाही, कारण भिंतीला पेट्रोल चढलेलं असतं. मधल्या मोकळ्या जागेत मोजायचं. शेपटीचं टोक पेट्रोलाला टेकणार तोच पेट्रोल हलकी उडी मारून टोकाला चिकटतं. ती उडी दिसली की थांबायचं आणि माप वाचायचं. पुतण्याला पहिल्या दोन वेळा ती उडी दिसली नाही. तिसऱ्यांदा दिसली आणि तो एकदम गप्प झाला.

वहीतल्या आकड्यापेक्षा पातळी अडीच मिलिमीटर वर होती. फ्लोट हलका करूनही.

या फियाटला आहे त्या जातीच्या सोलेक्समध्ये दांडी वाकवायची नसते. निडलची सीट झाकणात खालून आवळलेली असते आणि तिच्या व झाकणाच्या मध्ये वायसर असतो. वायसर जाड घातला की सीट खाली येते, निडल लवकर बंद होते, पातळी उतरते. दांडी तरफेसारखी असल्याने वायसरचा फरक पातळीत दुपटीहून जास्त होऊन दिसतो. किटमधला वायसर अर्ध्या मिलिमीटरचा होता. मी एक मिलिमीटरचा तांब्याचा घातला, पुन्हा इंजिन, पुन्हा झाकण, पुन्हा शेपटी. सव्वा मिलिमीटरच्या आसपास उतरली. मग दीड मिलिमीटरचा घातला. आता वहीतल्या आकड्यात आणि मापात दोन दशांशांचा फरक उरला. तीनदा मोजलं, तीनदा तेवढाच. त्याहून बारीक माप या रीतीने हाती लागत नाही. तांब्याचा वायसर मी आधी लाल तापवून पाण्यात विझवतो. तो मऊ होतो आणि सीटखाली घट्ट बसतो, गळत नाही.

जीपच्या कार्टर कार्बोरेटरचं वेगळं. तिथे फ्लोट झाकणालाच लोंबतो. झाकण उलटं धरायचं, पॅकिंग काढायचं आणि फ्लोट ते झाकण हे अंतर मोजायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ते ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. त्या मापाचं ड्रिलचं बिट आडवं सरकवलं की काम झालं. कमी-जास्त असेल तर फ्लोटच्या दांडीवरची पितळी जिभली वाकवायची. वाकवताना फ्लोट दाबून निडल सीटवर रेटायची नाही, टोकाला खळगा पडतो आणि पुढे ती कधीच नीट बंद होत नाही. महिंद्राच्या पेट्रोल जीपा आमच्या भागात एके काळी खूप होत्या, पुढे बहुतेकांना डिझेल इंजिनं बसली. आता लोक ती काढून पुन्हा पेट्रोल इंजिन शोधत येतात.

पातळी बसल्यावर मी मेन जेट मूळ आकाराचा परत घातला. मिक्श्चरचा स्क्रू नव्याने लावला. आणि मग इथेनॉलचा विचार करावा लागला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासून होतं, आणि आमच्या तालुक्याचं तर शिवार उसाचं. त्यामुळे मला त्याचं वाईट वाटत नाही. पण शुद्ध इथेनॉलला वजनाने नऊच पट हवा लागते. म्हणजे तेवढ्याच जेटमधून मिश्र पेट्रोल गेलं की इंजिनला ते थोडं कमी पडतं. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून फ्लोटची पातळी वर घेतात. तसं करू नका. पातळी चढवली की चढणीवर, वळणावर, ब्रेक मारल्यावर पेट्रोल सांडतं आणि संथ चालीत गाडी गुदमरते. कमी पडतंय ना, मग जेट एक नंबर मोठा घाला. मी तसाच घातला. सोबत गाडीतल्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, असं मालकांना सांगितलं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि वाटीच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी जमते. ती भुकटी निडलखाली अडकली की सगळं मुसळ केरात.

एकाने या गाडीला विजेचा पंप लावायचं सुचवलं होतं. मी नाही लावला. जुना यांत्रिक पंप तीन-चार पौंडांचा दाब देतो. इंजेक्शनच्या गाडीचा विजेचा पंप त्याच्या दसपट देतो आणि त्यापुढे फ्लोटचा जोर चालत नाही.

चाचणीला आम्ही माळशेज घाट धरला. ओतूर, डिंगोरे, मढ, खुबी फाटा, मग घाट; खाली टोकावड्यापर्यंत जाऊन परत चढ. मुद्दाम दिवसा निघालो आणि उजेडी परतायचं ठरवलं. जुन्नर वनविभागात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रात्री उसाच्या कडेला गाडी बंद पडली आणि बॉनेट उघडून वाकलात तर पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. आमच्या गावाने बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गमावली आहेत. रस्त्यात बंद न पडणारी गाडी ही इथे चैनीची गोष्ट नाही.

चढावर मालक स्वतः चालवत होते. दुसऱ्या गिअरवर गाडी एका सुरात चढली. धुकं होतं, काच पुसायला पुतण्या पुढे वाकत होता. वर आल्यावर मी त्यांना थांबायला सांगितलं, इंजिन बंद केलं, फिल्टर काढला आणि घशात बॅटरी मारली. नळीचं तोंड कोरडं होतं. तरी पाच मिनिटं बघत राहिलो. मग एक प्लग काढला. टोक फिकट तपकिरी, तव्यावरच्या भाकरीच्या डागासारखं. मालकांनी तो प्लग रुमालात धरून बराच वेळ फिरवून पाहिला.

घरी आल्यावर मी एका पाकिटात तीन वायसर घातले: अर्धा, एक आणि दोन मिलिमीटर. पाकिटावर लिहिलं की गाडीत दीडचा आहे, कडेपासून पातळी किती, जेट कितीचा, मोजलं कधी. पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आणि तेच आकडे पुतण्याला उस्तादांच्या वहीत त्याच्या हाताने लिहायला लावले.